एकाच काट्यावर घालू नकोस

३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सलाम. घरी पोचलो. बस वेळेवर सुटली, शेजारचा माणूस सगळी वाट घोरत होता, म्हणजे प्रवास नेहमीसारखाच झाला.

फोनवरच बोललो असतो. पण फोनवर तुला नको तेवढंच ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे. कागदापुढे बहिरेपणाचं सोंग चालत नाही, म्हणून लिहितोय.

तू माझ्यापासून लपवलंस. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलात जाऊन डायलिसिसच्या मशीनला जोडून घेतेस, आणि मला लिहितेस, "तब्येत ठीक, पायाला थोडी सूज." कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं फोन केला नसता तर मला पत्ताही लागला नसता. त्याच्याशी भांडू नकोस, त्यानं माणुसकीनं केलं. मी न कळवता आलो तर दुकानाला कुलूप. तू सापडलीस कुठे, तर खिडकीजवळच्या खाटेवर. एका हातात नळ्या खुपसलेल्या आणि दुसऱ्या हातानं नर्सबाईंच्या स्वयंपाकघरातला ताणकाटा पुसत बसलेली. मला रडू येणार होतं. पण तू आधीच "भट्टी कुणाच्या भरवशावर टाकून आलास?" म्हणून ओरडलीस, त्यामुळे ते राहून गेलं.

आता मुद्दा. तुझा डोळा लागला तेव्हा मी तुझ्या डॉक्टरांना भेटलो आणि तपासणीला रक्त देऊन आलो. काल निकाल आला. माझी किडनी तुला चालते. अजून थोड्या तपासण्या आहेत आणि मला दहा किलो उतरवायला सांगितलंय. बेकरीवाल्याला हे सांगणं म्हणजे माशाला पाण्यातून बाहेर ये म्हणण्यासारखंच आहे, पण ते मी करीन.

तू नाही म्हणशील, म्हणून आधीच सांगतो. हे काही उपकार नाहीत. आपण काटे दुरुस्त करणाऱ्याची पोरं. तुझ्या पारड्यात तुझं अख्खं आयुष्य पडलंय, आणि माझ्याकडून वर्षाकाठी नाताळचा एक केकचा डबा. दांडी कधीची एका बाजूला टेकलीय. आता ती जरा सरळ होऊ दे.

तुझा,
छटाक्या (सध्या ब्याण्णव किलो)


९ नोव्हेंबर

चि. छटाक्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. औषधवाल्याशी भांडले. नंतर त्याच्याकडूनच गोळ्या घ्यायच्या होत्या म्हणून मिटवलं.

तू जेवढं समजतोस तेवढं काही झालेलं नाही. मशीनचं म्हणशील तर सवय झालीय. शेजारच्या खाटेवरची म्हातारी चांगली बोलकी आहे, तिच्या तिन्ही सुनांची मला आता खडान्‌खडा माहिती आहे. घरी आल्यावर अंगात त्राण नसतं हे खरं, पण दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडते. परवा सोनाराचा नाजूक काटा आला होता. हात थोडा कापत होता, तर कोपर टेबलाला टेकवून काम केलं. कुणाला काही कळलं नाही.

किडनीचं डोक्यातून काढून टाक. माझं वय छप्पन्न. तुला दोन मुलं आहेत, मैद्याची पोती आहेत, पहाटेची भट्टी आहे. एवढं चांगलं यंत्र उघडून त्यातला भाग काढायचा आणि जुन्या यंत्रात बसवायचा, हे कुठल्या कारागिराला पटेल? मी तरी गिऱ्हाइकाला असा सल्ला देणार नाही.

गेल्या खेपेचा डबा सोबत पाठवतेय. आत मुलांसाठी मोजे विणलेत. मशीनवर बसल्या बसल्या, एका हातानं सुई धरून, दुसऱ्या हातानं फक्त लोकर सांभाळत. थोडे वेडेवाकडे आहेत. आपल्या घरातून डबा रिकामा कधी गेला नाही, आणि माझ्या हयातीत जाणारही नाही.

तुझ्या मास्तरीणबाईंना नमस्कार. वजन मात्र उतरव, किडनी कुणाला न देता.

ताई


१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मोजे मिळाले. धाकटीनं दोन्ही एकाच पायात घातले आणि दिवसभर तशीच हिंडली.

तू ऑपरेशनला घाबरतेस, हे माझ्या लक्षात आलंय. लाजायचं कारण नाही. मी डॉक्टरांना सगळं विचारलं. दोन खोल्या शेजारी शेजारी असतात. आधी मला भूल, मग तुला. मी आठवड्याभरात घरी, तू दोनेक आठवड्यांत. नंतर तुला रोज गोळ्या, मला काही नाही. माणूस एका किडनीवर सुखानं जगतो. आणि हिच्या मनाचं म्हणशील तर हिची काही हरकत नाही.

ताई, सरळ सांगतो. माझ्यापायी आई गेली. माझ्यापायी तू तेराव्या वर्षी शाळा सोडलीस, बाटलीनं दूध पाजलंस, माझी दुपटी धुतलीस. तुला बघायला आलेल्यांना तू "आधी हा मोठा होऊ दे" म्हणून परत पाठवलंस, हे मला मावशीनं सांगितलंय. तुझ्या वर्गातल्या बायका आज आज्या झाल्या आणि तू अजून बाबांच्या स्टुलावर बसून लोकांची वजनं तपासतेस. हे सगळं माझ्या नावावर आहे. मला ते रोज दिसतं. एका किडनीनं फिटणार नाही, मी स्वस्तातच सुटतोय. पण निदान तेवढं तरी फेडू दे. मला मोकळं कर.

तुझा,
छटाक्या


२४ नोव्हेंबर

छटाक्या,

मी ऑपरेशनला घाबरत नाही. मी आता तुझ्यावर चिडलेय, आणि हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितेय.

तुला फेडायचंय. मोकळं व्हायचंय. म्हणजे मी तुला जे वाढवलं ते तुला उसनं दिलं होतं होय? मी काय कोपऱ्यावर पाटी लावून बसले होते, की या, पोरं वाढवून मिळतील, परतफेड सवडीनं?

तुला तू जन्मलास तो दिवस कुणी सांगितलेला नाही, कारण त्या दिवसाचं बोलायला घरात कुणी धजत नव्हतं. आज सांगते.

नाताळ दोन दिवसांवर होता. सुईणीच्या काट्याची स्प्रिंग तुटली होती आणि तो दुरुस्तीला आपल्याच दुकानात पडून होता. आई गेली होती. आत बायका तिचं करत होत्या. सुईणीनं तुला फडक्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि बाबांना म्हणाली, "फार लहान आहे, वजन बघायला हवं." बाबांनी दुकानातला मोठा तराजू पुसला. एका पारड्यात तुला ठेवलं. दुसऱ्या पारड्यात आधी तसलंच एक फडकं ठेवलं, पासंगाला, म्हणजे कापडाचं वजन तुझ्यात मोजलं जायला नको. बायकोचा देह आत असताना त्यांना हे सुचलं. मग मला म्हणाले, "वजनं दे." मी एकेक देत गेले, आणि ती फारच थोडी लागली. बाबा म्हणाले, "छटाकभर आहे, पण पुरे आहे." तुझं नाव तिथून पडलं.

मी त्यांना विचारलं. तेरा वर्षांची होते, रागानं पेटले होते. म्हटलं, "देवानं आई घेतली आणि हा दिला. हा कसला सौदा?" बाबा माझ्यावर कधी ओरडले नाहीत, त्या दिवशीही नाही. तुला उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "देव काटा धरून बसत नाही, पोरी. आई गेली, ते दुःख आपलं. हा आलाय, ती देणगी त्याची. दोन्ही एकाच काट्यावर घालू नकोस."

नाताळच्या सकाळी बाबांनी मला आणि तुला चर्चमध्ये नेलं. अंगावर परवाचे कपडे, डोळे सुजलेले. लोक काय बोलावं न कळून बाजूला सरकत होते. पुढे गव्हाण मांडली होती आणि तिच्यात लाकडाचं बाळ होतं. त्या बाळासाठी कुणी काय मोजलं होतं? कुणी मागितलं तरी होतं? गावात जागा नव्हती, लोक झोपले होते, आणि देवानं आपला मुलगा दिला. कुणाचं काही देणं लागत होता म्हणून नव्हे. मी मांडीवर तुला घेऊन बसले होते आणि तू ऊबदार होतास. तेवढंच मला तेव्हा कळलं, आणि तेवढं मला आजवर पुरलंय.

शाळा मी सोडली ती मला सोडायची होती म्हणून. बघायला आलेल्यांत एकही धड नव्हता. मावशीला कथा रचायची खोड आहे.

तेव्हा तुझी फेड मला नको. हप्त्यानंही नको. तू माझ्यावर किडनी टाकून मोकळा होणार आणि मी कुणाला काय देऊन मोकळी होऊ?

ताई


८ डिसेंबर

ती. ताई,

नमस्कार. मी आजवर तुम्हाला वेगळं पत्र कधी लिहिलं नव्हतं. ह्यांच्या पत्राखाली दोन ओळी, एवढंच. ह्यांना न सांगता लिहितेय.

तुमचं पत्र आल्यापासून ह्यांचं कामात लक्ष नाही. बेकरीत तीन घाणे करपले. गिऱ्हाइकानं बन मागितला तर पाव दिला. पत्र खिशातच असतं, मैदा लागून पांढरं झालंय. मी विचारलं तर म्हणाले, "मी आईच्या बदल्यात आलो असं मला लहानपणापासून वाटायचं. ताईनं आज सांगितलं की तसं नव्हतं." आणि भट्टीचं दार उघडं टाकून बसून राहिले.

ह्यांनी तुम्हाला लिहिलं होतं की माझी हरकत नाही. ते खोटं होतं. मी नको म्हणत होते. दोन लहान मुलं आहेत, ह्यांना काही झालं तर मी शाळेच्या पगारावर काय करू, हेच डोक्यात. तुम्ही नकार कळवलात तेव्हा मला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की मी दोन दिवस प्रार्थनेला बसले नाही.

काल औषधवाल्यांचा फोन आला. मशीन जोडायची तुमच्या हातातली शीर बंद पडली म्हणे, आणि आता मानेतून नळी घातलीय. डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस रेटता येणार नाही. हेही तुम्ही आम्हाला लिहिलं नाहीत. ताई, तुम्ही दोघं भावंडं एकमेकांपासून लपवण्यात इतकी तरबेज आहात की मधल्या माणसानं काय करावं?

मी भ्यायलेलीच आहे. भीती गेली की लिहीन असं ठरवलं होतं, पण ती काही जात नाही. म्हणून भीतीसकट लिहितेय. तुम्ही घ्या. फेड म्हणून नका घेऊ. तुम्ही आम्हाला हव्या आहात, म्हणून घ्या.

तुमची,
भावजय


१२ डिसेंबर

मास्तरीणबाई,

तुमचं अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ आहे. मन त्याहून सरळ आहे, हे मला आज कळलं. इतकी वर्षं मी तुम्हाला नुसत्या शिस्तीच्या समजत होते.

हायसं वाटलं त्याची लाज धरू नका. नवऱ्याच्या जिवाची काळजी केली, यात पाप कसलं? खोटं बोलला असतात तर मी दुखावले असते.

नळीचं खरं आहे. मानेला रुमाल गुंडाळून दुकानात बसते. सोनार म्हणाला, "बाई, सर्दी झालीय का?" मी हो म्हटलं.

मला काय अडतं ते तुम्हाला सांगते, त्याला सांगायला जीभ उचलत नाही. मला द्यायची सवय आहे. देणारा उभा असतो, घेणाऱ्याला बसावं लागतं. मी तेराव्या वर्षापासून उभी आहे. आता बसायचं म्हटलं तर गुडघेच वाकत नाहीत. दुसरं काही नाही हो. नुसता ताठा आहे.

त्याला इतकंच सांगा की बन मागितला तर बनच द्यावा.

ताई


१६ डिसेंबर

प्रिय ताई,

तू "छटाक्या" लिहिलंस आणि वर चिरंजीव लिहिलं नाहीस, तेव्हाच समजलो की खैर नाही. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता सुचलंय तेवढं लिहितो.

फेडायचा शब्द मी परत घेतो. चुकलो. तू मला फुकट वाढवलंस आणि मी त्याची पावती फाडायला निघालो होतो.

परवा राहिलेल्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या पोटातलं चित्र दाखवलं. म्हणाले, ही एक, आणि ही दुसरी. दोन्ही उत्तम. मी बघतच राहिलो. त्रेचाळीस वर्षं मी एक जास्तीची किडनी पोटात घेऊन हिंडतोय आणि मला तिची कधी आठवणही झाली नाही. मी ती मागितली नव्हती. विकत आणली नव्हती. बाबांनी मला पारड्यात ठेवलं तेव्हाही ती होती, तेवढ्याशा जिवात, दोन. मग ती माझी कशी? जो श्वास मी घेतो तोही मी कमावलेला नाही. ज्यानं दिलं त्यानं एक जास्त दिली, आणि तुझ्या दोन्ही थकल्या. मला यात देणारा मी कुठे दिसतच नाही. एका घरातली वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायची, एवढंच.

तू विचारलंस, मग मी काय देऊन मोकळी होऊ. काही देऊ नकोस. मोकळी होऊ नकोस. आपण दोघं देवाच्या पदरात आहोत, तिथून मोकळं होऊन जायचंय कुठे?

तू पुन्हा नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. रागावणारही नाही. केक दर नाताळला येत राहील. या वर्षीचा सोबत पाठवतोय, तुझ्या पथ्याचा, डॉक्टरांना विचारून केलाय. त्यामुळे त्याला चव नाही, पण डब्याचं टोपण नवीन आहे.

सात किलो उतरलो. मुलं म्हणतात, बाबा पूर्वी मऊ होता.

तुझा,
छटाक्या


२६ डिसेंबर

चि. छटाक्या,

अनेक आशीर्वाद, मास्तरीणबाईंना आणि मुलांना पण.

तुझ्या वाढदिवसाला फोन केला नाही, कारण त्या दिवशी मशीनवर होते आणि नंतर बोलायला अंगात जोर नव्हता. बघ, आता लपवत नाही.

काल चर्चमध्ये गेले. दर वर्षी गव्हाणीत गवत मी घालते. या वर्षी पाळकबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी घालते," आणि मला पुढच्या बाकावर बसवलं. मी बसले. त्यांनी गवत फार दाट घातलं, बाळ दिसेना. माझा हात शिवशिवत होता, पण बाकावरून उठले नाही. उपासनेत त्या म्हणाल्या की देवाचं बाळ आलं तेव्हा धर्मशाळेवाल्यानं जागा नाही म्हणून सांगितलं. मी ही गोष्ट जन्मभर ऐकत आलेय आणि दर वेळी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत आलेय. काल वाटलं, तो काही दुष्ट नसेल. त्याला आपलं सगळं नीट चाललंय असं वाटत असेल. दारात एवढं मोठं दान येऊन उभं राहिलं, आणि हा म्हणतो, बरं चाललंय आमचं, पुढे बघा. मग मला तुझी सगळी पत्रं आठवली आणि मला रडू आलं. रुमाल मानेला होता, म्हणून बाहीनं डोळे पुसले.

मला अजून जगायचंय रे. हे मी कुणाला बोलले नव्हते. मशीनवर बसून मोजे विणताना मी देवाला रोज सांगायचे, तुझी मर्जी. पण मनातून मला जगायचं होतं. तुझ्या धाकटीला तराजू लावायला शिकवायचंय. केकला पुन्हा चव लागलेली खायचीय. जीव त्यानं दिलाय आणि तो मला आवडतो, यात चोरी कसली?

आज सकाळी डॉक्टरांना हो म्हणून आले. ते म्हणाले, भावाचं वजन थोडं राहिलंय, पण जानेवारीअखेरीस होईल. तू आधी येऊन राहा. मास्तरीणबाईंना सुट्टी मिळाली तर त्यांनाही आण. त्या घाबरतील आणि मीही घाबरीन, एकीला दुसरीची सोबत होईल. दुकान तेवढे दिवस औषधवाला बघतो म्हणालाय. त्याला काट्यातलं ओ की ठो कळत नाही, पण कुलूप उघडता येतं.

केक खाल्ला. पुठ्ठ्यासारखा होता. सगळा संपवला.

डबा सोबत पाठवतेय. उघडशील तेव्हा मुलं भोवती गोळा होतील, त्यांना आधीच सांगून ठेव. मी काल दुपारी लोकर काढली होती, परत ठेवून दिली. अक्रोड आणले होते, ते औषधवाल्याला दिले. मग डबा धुतला, उन्हात वाळवला, टोपण लावलं आणि दोरी बांधली.

आत काही नाही. या वेळी मी नुसतं घेतलंय.

तुझी,
ताई